चासीवरचे आबा

धुळ्याला आग्रा रोडवरच्या चहाच्या दुकानात कोणी आबांना विचारलं, "आबा, तुमनी कंपनी कशी शे?" की ते बशीतला चहा संपवायचे, मिशा पुसायचे आणि म्हणायचे, "गाडी चांगली शे."

विचारणारा हसायचा. "गाडी नही, कंपनी."

"गाडी चांगली शे, भो."

तिसऱ्यांदा विचारायची कोणाची छाती होत नसे.

ही कंपनी म्हणजे मुंबईची मोटारींची बडी कंपनी. लढाई संपून पाच-सहा वर्षं झाली होती. मोटारी आणि लॉऱ्या आता आपल्याकडेच जुळवल्या जातात याचं सगळ्यांना मोठं अप्रूप होतं. मुंबईहून निघालेल्या गाड्या थांबवून तपासायला कंपनीने धुळ्याबाहेर एक डेपो उघडला होता, आणि त्या डेपोत मी कारकून होतो. मूळचा जळगावचा. वडिलांचा हट्ट होता की मी तिथल्याच जिनिंग प्रेसमध्ये चिकटावं, पण मला मोटार कंपनीने घेतलं आणि आईने गल्लीभर सांगितलं, "पोरगा मोटार कंपनीत आहे." लोकांना वाटायचं मी मोटारीतून कचेरीत जातो. मी जायचो सायकलवर, आणि तीही मेहुण्याची. पण खोटं कशाला सांगू, कोणी "मोटार कंपनीवाले" म्हणून हाक मारली की माझी मान ताठ व्हायची.

आबा आमचे चासी ड्रायव्हर. लॉरी कारखान्यातून निघायची ती नुसता सांगाडा म्हणून. चार चाकं, इंजिन, दोन लांब लोखंडी पट्ट्या आणि स्टिअरिंग. तिला म्हणायचे चासी. वर छप्पर नाही, समोर काच नाही, बाजूला दार नाही. लाकडी बॉडी पुढे गिऱ्हाईक आपल्या गावी बांधून घ्यायचं. तोवर ड्रायव्हरने एक देवदारी खोकं सांगाड्याला दोरीने बांधायचं आणि त्याच्यावर बसून मुंबईहून कसारा घाट चढत, नाशिक, मालेगाव करत दोन दिवसांनी धुळ्याला यायचं. नवं इंजिन, म्हणून ताशी पंचवीस मैलांच्या वर न्यायचं नाही असा कडक हुकूम. म्हणजे ऊन, धूळ आणि वारा, सगळं सावकाश खायचं.

मोटारी घेऊन येणाऱ्यांचं बरं असेल असं मला आधी वाटलं होतं. पण त्यांनाही गादीवर पोतं अंथरून बसावं लागे, आणि पाठ टेकायची नाही. गिऱ्हाइकाच्या गादीला ड्रायव्हरचा घाम लागता कामा नये.

आबा खोक्यावर बसत नसत. त्यांनी घरची एक खुर्ची आणली होती. सागवानी, हातांची, वेताने विणलेली. तिचे पाय करवतीने निम्मे कापले होते. ती खुर्ची ते स्वतःच्या हाताने चासीवर आवळून बांधायचे, आणि धोतर सावरून, डोक्याला टॉवेल गुंडाळून तिच्यात बसायचे. लळिंगचा घाट उतरून ते असे येताना दिसले की वाटे एखादा पाटील चावडीवर बसल्या बसल्याच पुढे सरकतोय. रस्त्यावरची पोरं टाळ्या पिटायची. आबा त्यांच्याकडे बघतसुद्धा नसत.

आमचे इन्चार्ज दामलेसाहेब नाशिककडचे, पन्नाशीचे, भिडस्त. त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, "आबा, कंपनीने खोकं दिलंय ना?"

"खोकामा माल भरतस, साहेब. मी माल नही शे."

"पण गाडी कंपनीची आहे."

"गाडी कंपनीनी शे," आबा म्हणाले, "बूड मन्हं शे."

दामलेसाहेब आत निघून गेले. मी रजिस्टरात तोंड घालून हसलो.

आबांना स्वच्छ मराठी येत होती. लढाईत ते फौजेच्या मोटारी चालवून आले होते, त्यामुळे हिंदी येत होती आणि कामापुरती इंग्रजीही येत होती. पण साहेब लोकांशी ते मुद्दाम अहिराणीत बोलायचे. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "त्यास्नी मन्ही भाषा समजाडी घेवाले जरा मेहनत करो ना. मी त्यास्नी गाडी समजाडी लिधी का नही?"

डेपोत आले की आधी सही नाही, आधी पांझरेवर आंघोळ. मी फॉर्म घेऊन उभा असायचो, मुंबईहून तार आलेली असायची, जळगावचा एजंट खोळंबलेला असायचा. आबा मात्र खांद्यावर धोतर टाकून नदीकडे चालू लागायचे. अर्ध्या तासाने ओल्या केसांनी परत येऊन, पायरीवर बसून कळण्याची भाकरी आणि ठेचा खायचे, आणि मग म्हणायचे, "आन तुना कागद."

गाडीवर मात्र त्यांचा विलक्षण जीव. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते ऐकत बसायचे, वैद्य नाडी बघतो तसे. एकदा एका चासीचा ब्रेक त्यांना बरा वाटेना. आमच्या मिस्त्रीने तपासून ठीक आहे म्हणून सांगितलं. आबा म्हणाले, पुढे सेंधव्याचा घाट आहे, ही गाडी मी हलवणार नाही. तीन दिवस ती गाडी आणि आबा दोघे डेपोत बसून होते. मुंबईहून तारांवर तारा. चौथ्या दिवशी कारखान्याचा माणूस आला, त्याने चाक उतरवलं आणि आतला तडकलेला भाग काढून आमच्यापुढे ठेवला. कोणी आबांना शाबास म्हटलं नाही. त्यांनीही ती अपेक्षा केली नव्हती. त्यांनी फक्त ब्रेक पुन्हा दाबून पाहिला आणि खुर्ची बांधायला घेतली.

माझ्या फॉर्मवर एक रकाना होता, 'वाहनाची स्थिती'. त्यात मी चरे, पोचे, तेलाची गळती लिहायचो. काही नसलं तर 'उत्तम'. आबांनी एकदा तो कागद उलटापालटा केला.

"डायवरनी स्थिती कोठे लिखतस?"

"तो रकाना नाही, आबा."

"नही का," एवढंच म्हणून त्यांनी सही केली. मीही ते बोलणं विसरलो. पुढे सुपडूचं झालं नसतं तर कदाचित कायमचं विसरलो असतो.

सुपडू पिंपळनेरकडचा, पंचविशीतला चासी ड्रायव्हर. सदा गाणं गुणगुणणारा. एका दुपारी लळिंगच्या अलीकडे समोरून येणाऱ्या लॉरीच्या चाकाखालून खडी उडाली आणि एक खडा त्याच्या उजव्या डोळ्यात घुसला. समोर काच नव्हती. गॉगल कंपनीने दिला नव्हता. एका हाताने डोळा दाबून, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग धरून तो सहा मैल आला, डेपोच्या आवारात गाडी रांगेत सरळ लावली आणि मग खाली बसला. त्याला टांग्यातून सिव्हिल हॉस्पिटलात नेलं. मी मागे राहिलो, कारण गाडी पुढे जायची होती आणि फॉर्म भरायचा होता.

संध्याकाळी आबा आले. सुपडूला बघून आले होते. डोळा गेला होता. ते माझ्या टेबलाशी उभे राहिले आणि सुपडूचा फॉर्म उचलून मोठ्याने वाचू लागले. तारीख, इंजिन नंबर, मैल. मग थांबले.

"वाहनाची स्थिती, उत्तम."

ते रागावले नाहीत. कागद जागेवर ठेवला आणि निघून गेले. ते अक्षर माझं होतं. आणि खोटंही नव्हतं, गाडीला ओरखडासुद्धा नव्हता. मी त्या दिवशी जेवलो नाही.

मुंबईहून उत्तर आलं की चालकाने पुरेशी दक्षता घेतली नाही. सुपडूला कामावरून कमी केलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी, ऐन वैशाखात, मुंबईहून एक तरुण अधिकारी आला. कामगार कल्याणाचा. गोरा, चष्मेवाला, अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट. कंपनीला म्हणे आपल्या नोकरांची मतं हवी होती. त्याने प्रत्येकाला छापील कागद दिला. वर प्रश्न, 'आपल्या कंपनीत काम करण्याबद्दल तुम्हांस काय वाटते?' आणि खाली आठ रेघा.

दामलेसाहेबांनी आदल्या दिवशीच आम्हाला बोलावून सांगितलं होतं, "हे बघा, लग्नाच्या पंगतीत वाढप्याला आमटी खारट झाली म्हणून सांगतो का आपण? चांगलं लिहा."

मी लिहिलं, 'अशा थोर कंपनीत सेवा करण्याची संधी मिळाली याचा अभिमान वाटतो.' मिस्त्रीने माझ्यावरूनच उतरवून घेतलं. शिपायाने अंगठा दिला.

आबांनी कागद परत केला. "आठे बशी नही सांगता येत. माले जळगावले चासी पोचाडनी शे. चला संगे."

दामलेसाहेब मध्ये पडले, "अहो, साहेबांना उन्हात..." पण त्या तरुणाने चष्मा पुसला आणि म्हणाला, "येतो मी."

जळगावच्या एजंटाकडून पोच घ्यायची होती म्हणून मलाही पाठवलं. मी मागे पट्टीवर पोतं टाकून बसलो. आबा खुर्चीत. शेजारी कंपनीचं खोकं, त्याच्यावर कंपनीचा अधिकारी.

सकाळी नऊला निघालो. फागणे गाठेपर्यंत अधिकारी बोलत होता. कारखान्यात कँटीन कसं बांधणार आहेत ते सांगत होता. मग समोरून एक एसटी गेली आणि तिच्या धुळीने आम्ही तिघं सारखेच भुरे झालो. कँटीन तिथेच राहिलं. पारोळा मागे पडलं तशी झळ सुरू झाली. इंजिनाची आच पायांना आणि वरून ऊन. खोकं हादऱ्याबरोबर सरकायचं, तो दोन्ही हातांनी लोखंडाला धरायचा आणि चटका बसला की सोडायचा. त्याच्या शर्टावर पाठीमागे तेलाचा पट्टा उठला होता. एरंडोलच्या अलीकडे तो ओरडला, "जरा थांबवा."

आबांनी एका निंबाखाली गाडी घेतली. "उतरा, पानी प्या."

तो उतरला तो चाकाला धरूनच. डोळे लालबुंद. आबांनी त्याला छागळीतलं पाणी दिलं, आपला टॉवेल भिजवून त्याच्या डोक्याला नीट बांधला, मग वर चढून खुर्ची सोडली. ती खोक्याच्या जागी बांधली आणि खोकं स्टिअरिंगमागे ओढून घेतलं.

"आते तुम्ही आठे बठा."

"आणि तुम्ही?"

"माले सवय शे."

पुढचा सगळा रस्ता तो तरुण त्या खुर्चीत मान खाली घालून बसला होता. एकदाही त्याने आबांकडे पाहिलं नाही.

जळगावला एजंटाच्या पडवीत बसलो. माठातलं पाणी झालं, ताक झालं. तासाभराने अधिकाऱ्याने पिशवीतून तो कागद काढला, पेनचं टोपण उघडलं आणि म्हणाला, "सांगा, आबा. मी लिहितो."

आणि आबा स्वच्छ मराठीत बोलले. मी त्यांना तसं बोलताना पहिल्यांदाच ऐकत होतो.

"लिहा. गाडी मला आवडते. असं इंजिन मी लढाईतसुद्धा पाहिलं नाही. पण तुम्ही गाडीच्या दिव्यांना पुठ्ठा बांधून पाठवता. का? तर खडा लागून काच फुटू नये. दिव्याची काळजी करणारी माणसं तुमच्याकडे आहेत, डोळ्याची करणारं कोणी नाही. सुपडूचं नाव लिहा. त्याच्या बापाचंही लिहा, म्हणजे कोण ते नीट कळेल. त्याने डोळा गेल्यावर सहा मैल गाडी आणली आणि रांगेत लावली. त्याला तुम्ही निष्काळजी म्हटलं. मला काय वाटतं विचारताय ना? मला लाज वाटते. माझी नाही, तुमची. आणि शेवटी लिहा, हे मी रागाच्या भरात बोललो नाही. सावलीत बसून, पाणी पिऊन बोललो."

आठ रेघा केव्हाच संपल्या होत्या. अधिकाऱ्याने मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, सगळं वाचून दाखवलं आणि कागद पुढे केला. आबांनी सही केली. मोत्यासारखं अक्षर.

त्याने ते जसंच्या तसं मुंबईला दिलं, हे आम्हाला महिन्याभराने आलेल्या पत्रावरून कळलं. त्यात आबांची वाक्यं उतरवली होती. पुढे लिहिलं होतं की चासीवर खाजगी खुर्ची बांधण्यास मनाई आहे, आणि संबंधित चालकाने आपण हे रागाच्या भरात बोललो असं आठ दिवसांत लिहून द्यावं, अन्यथा नोकरी संपुष्टात येईल.

दामलेसाहेबांनी स्वतः चार ओळी लिहून आणल्या. "आबा, नुसती सही करा. कोण बघतंय? पोटाचा विचार करा."

आबांनी ओळी वाचल्या. "अक्षर चांगलं शे," म्हणाले आणि कागद परत दिला. त्याच दुपारी खुर्ची डोक्यावर घेऊन ते आपल्या गावी, नरडाण्याला निघून गेले. नवव्या दिवशी त्यांना कामावरून काढल्याचा कागद तिकडे गेला, खाली कंपनीचा नुसता गोल शिक्का.

त्यानंतर पहिली चासी आली ती दुसऱ्या एका ड्रायव्हरची. मी फॉर्म भरला. वाहनाची स्थिती, उत्तम. मग हात थांबला. खाली 'शेरा' म्हणून थोडी जागा होती. तिथे मी लिहिलं, 'चालक नाशिकपासून सहा तास उन्हात. समोर काच नाही. डोळे सुजलेले.' दामलेसाहेबांनी पाहिलं, लाल शाईने खोडलं. पुढच्या फॉर्मवर मी पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा खोडलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "हे किती दिवस करणार आहेस?"

"रकाना छापेपर्यंत," मी म्हणालो. माझा आवाज इतका मोठा आला की मीच दचकलो.

ड्रायव्हरांना हे कळायला वेळ लागला नाही. एका सकाळी डेपोत सात चासी उभ्या होत्या आणि सातही ड्रायव्हर पायरीवर बसले होते. म्हणाले, काच लावा, गॉगल द्या, सुपडूला काम द्या, आबांना परत आणा, मग गाड्या हलतील. दुसऱ्या दिवशी मागून आणखी चार आल्या, तेही त्यांच्यात जाऊन बसले. आवार भरलं, गाड्यांची रांग आग्रा रोडला लागली. दामलेसाहेब फोनवर "हो सर, नाही सर" करून घामाघूम झाले. मुंबईने पोलीस बोलवायची धमकी दिली. पोलीस आलेसुद्धा. फौजदाराने सांगाड्यावर चढून त्या खोक्यावर बसून पाहिलं, खाली उतरला, आणि यांनी कोणाला मारलंय का, म्हणून विचारलं. नाही म्हटल्यावर चहा घेऊन निघून गेला.

आठव्या दिवशी मुंबई नमली. प्रत्येक चासीवर फळ्यांची पाठ असलेली बैठक आणि पुढे काचेची चौकट, ड्रायव्हरला गॉगल, सुपडूला आमच्याच डेपोत पहारेकऱ्याचं काम. आणि आबांच्या नावाने एक पत्र, की आपणांस पूर्ववत कामावर घेण्यात येत आहे.

ते पत्र घेऊन मी नरडाण्याला गेलो. आबा स्टेशनच्या मागे एका छपराखाली विहिरीवरचं ऑइल इंजिन उघडून बसले होते. हात कोपरापर्यंत काळे. मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी मान वाकडी करून कागदाच्या तळाशी पाहिलं.

"हाई चिठ्ठी कोनी लिखी?"

"कंपनीने."

"सही कोनी शे?"

सही नव्हती. कंपनीचा गोल शिक्का होता.

"ठप्पाले हात ऱ्हातस का?" आबा म्हणाले. "माले काढं तव्हय बी ठप्पाच व्हता. एखादा मानूसनी सही आन, मंग मी येसू."

मी खूप सांगितलं. सगळे वाट बघतायत म्हटलं, सुपडूने निरोप दिलाय म्हटलं. त्यांनी पाना उचलला आणि नट आवळायला लागले. मी तसाच परत आलो.

दामलेसाहेबांना सगळं सांगितलं तेव्हा सुपडू दारात उभा होता, डोळ्यावर पट्टी, अंगात नवा खाकी कोट. मी म्हणालो, मुंबईला लिहू या, कोणा साहेबाची सही मागवू या. दामलेसाहेब म्हणाले, "देणार नाहीत. सही केली की चूक कोणाची तरी होते."

 मग त्यांनी दौत पुढे ओढली, टाक बुडवला आणि शिक्क्याच्या बाजूला आपलं संपूर्ण नाव लिहिलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. खाली लिहिलं, 'आपणांस काढण्यात आले ही चूक झाली.' त्यांना तसा अधिकार नव्हता. ते त्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं.

"जा," ते म्हणाले. "मी फाडून टाकायच्या आत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा नरडाण्याला उतरलो. आबांनी या वेळी हात पुसून कागद स्वतः घेतला आणि सावलीत जाऊन दोनदा वाचला.

"घाबरना नही का दामले?"

"घाबरले, आबा. मी फाडून टाकायच्या आत जा, म्हणाले."

"तरी लिखं?"

"तरी लिहिलं."

आबांनी पत्राची नीट घडी केली आणि खुंटीवरच्या धुतलेल्या सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. विहिरीवर जाऊन राखेने हात घासले, कोपरापर्यंत, सावकाश. मग तो सदरा अंगात घातला आणि माझ्या आधी धुळ्याच्या एसटीच्या वाटेला लागले.